न्याय व सूड यांच्या ग्रीक देवता

प्राचीन ग्रीक पुराणकथांमध्ये न्याय आणि सूड या दोन्हींचा कारभार प्रामुख्याने स्त्रीदेवतांकडे सोपवलेला आहे. थेमिस ही सनातन मर्यादेची देवता, तिची कन्या डिके ही मानवी न्यायाची, नेमेसिस ही अतिरेकाला आवर घालणारी, तर एरिनीएस या रक्ताच्या नात्यातील अपराधाचा पाठलाग करणाऱ्या देवता मानल्या जात. आज न्यायालयांच्या आवारात दिसणारी तराजूधारी 'न्यायदेवता' ही यांच्यापैकी कोणा एकीची थेट प्रतिमा नाही. रोमन युस्तितिया आणि युरोपातील मध्ययुगोत्तर चित्रकला यांच्या वाटेने घडत आलेले ते एक संमिश्र रूप आहे. डोळ्यांवरील पट्टी तर ग्रीकांना मुळीच ठाऊक नव्हती.

न्याय आणि सूड ही आज परस्परविरोधी वाटणारी मूल्ये ग्रीकांच्या प्रारंभीच्या वाङ्मयात एकाच कुळातील आहेत. त्यांची फारकत कशी झाली, आणि ती पूर्ण झाली का, हा प्रश्न या देवतांच्या कथांमधून पुन्हा पुन्हा उपस्थित होतो.

नावांचे अर्थ

'थेमिस' हे नाव 'ठेवणे, स्थापन करणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी निगडित आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा धातू आणि संस्कृतमधील 'धा' हा धातू एकाच मुळातून आलेले आहेत. 'विधी', 'विधान' आणि 'संविधान' हे शब्द याच 'धा'पासून बनले असल्याने थेमिस आणि संविधान यांचे नाते केवळ कल्पनेचे नाही. 'डिके' या शब्दाचा धातू 'दाखवणे' या अर्थाचा असून तो संस्कृतमधील 'दिश्' या धातूचा सगोत्र आहे. 'दिशा', 'निर्देश', 'आदेश' हे त्याच घरातील शब्द होत. म्हणजे थेमिस ही घालून दिलेली मर्यादा, तर डिके ही विशिष्ट प्रसंगी दाखवून दिलेली योग्य वाट. 'नेमेसिस' हे नाव 'वाटून देणे' या क्रियापदापासून आले आहे. ज्याच्या वाट्याला जे यायला हवे ते त्याला मिळणे, हा त्याचा मूळ भाव. 'सूड' हा अर्थ त्यातूनच पुढे पक्का झाला.

थेमिस

हेसिओड या कवीच्या (इ.स.पू. सुमारे ७००) 'थिऑगनी' या देववंशवर्णनपर काव्यानुसार थेमिस ही आकाश (उरानोस) आणि पृथ्वी (गाया) यांची कन्या, म्हणजे झ्यूसच्या आधीच्या तितान पिढीतील आहे. झ्यूसने तिला आपली दुसरी पत्नी केले. त्यांच्या कन्या म्हणजे युनोमिया (सुव्यवस्था), डिके (न्याय) आणि आयरीनी (शांती) या तीन होराई, तसेच माणसाचे आयुष्य कातणाऱ्या, मापणाऱ्या आणि तोडणाऱ्या तीन मोइराई. बळाच्या जोरावर सत्तेवर आलेल्या देवाने मर्यादेशी विवाह केल्यावरच त्याच्या राज्याला स्थैर्य आले, असे या वंशावळीतून सूचित होते.

होमरच्या काव्यांत थेमिस देवांची सभा बोलावते. डेल्फी येथील देववाणीचे पीठ अपोलोच्या आधी तिच्याकडे होते, अशीही परंपरा आहे. ती शिक्षा करत नाही; काय उचित आहे ते सांगते. म्हणूनच तिच्याविषयीच्या कथा थोड्या आहेत.

डिके

डिकेचे सर्वांत जिवंत चित्र हेसिओडच्याच 'कार्य आणि दिवस' या काव्यात आढळते, आणि त्यामागे एक घरगुती तंटा आहे. हेसिओड आणि त्याचा भाऊ पर्सिस यांच्यात वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीवरून वाद झाला. पर्सिसने स्थानिक सत्ताधाऱ्यांना खूश करून अधिक वाटा लाटल्याची कवीची तक्रार आहे. या निवाडा करणाऱ्यांसाठी हेसिओडने वापरलेल्या विशेषणाचा शब्दशः अर्थ 'भेटी खाणारे' असा होतो. मराठीतील 'लाचखाऊ' हा शब्द त्याला अचूक लागू पडतो. भाऊबंदकीतून उभ्या राहिलेल्या या काव्यात डिके ही एक कुमारिका आहे. लाचखाऊ निवाडेकरी तिला फरफटत नेतात तेव्हा गलका होतो. ती रडत, धुक्याने वेढलेली, नगरामागून नगर फिरते आणि तिला हाकलून देणाऱ्यांवर अरिष्ट आणते. अखेरीस ती पिता झ्यूसच्या शेजारी बसून माणसांची दुष्कृत्ये त्याच्या कानावर घालते. शिवाय झ्यूसचे तीस हजार अमर पहारेकरी अदृश्य रूपाने पृथ्वीवर हिंडत माणसांच्या निवाड्यांवर नजर ठेवतात, असेही कवी सांगतो.

हेसिओडच्या या डिकेजवळ शस्त्र नाही. ती तक्रारदार आहे. पुढील काळात मात्र तिच्या हाती बळ आले. ऑलिंपिया येथे ठेवलेल्या 'किप्सेलोसच्या पेटी'वरील कोरीव दृश्यात डिके एका हाताने अन्यायाचा (आदिकिया) गळा आवळून दुसऱ्या हाताने तिला दंडुक्याने मारत असल्याचे वर्णन पॉसेनियस या इ.स. दुसऱ्या शतकातील प्रवासी लेखकाने केले आहे. त्यात डिके सुंदर आणि आदिकिया कुरूप दाखवली होती.

तत्त्वज्ञांनी या देवतेचे क्षेत्र मानवी व्यवहारापलीकडे नेले. ॲनॅक्झिमँडरच्या मते वस्तू कालक्रमानुसार एकमेकींना आपल्या अन्यायाची भरपाई देतात. हेराक्लिटसने तर सूर्यदेखील आपली मापे ओलांडणार नाही, ओलांडल्यास डिकेच्या सेविका असलेल्या एरिनीएस त्याला शोधून काढतील, असे म्हटले. वैदिक वाङ्मयातील 'ऋत' या संकल्पनेशी हा विचार ताडून पाहण्याजोगा आहे.

इ.स.पू. तिसऱ्या शतकातील कवी अरॅटस याने डिकेची गोष्ट आकाशापर्यंत नेली. सुवर्णयुगात ती माणसांत राहत असे, रजतयुगात डोंगरांत गेली आणि संध्याकाळी खाली येऊन माणसांना फटकारू लागली. कांस्ययुगात माणसांनी तलवारी घडवल्या तेव्हा ती कायमची आकाशात निघून गेली. तेथे ती कन्या राशीच्या रूपाने दिसते. या राशीतील सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे भारतीय परंपरेतील चित्रा नक्षत्राचा तारा. शेजारच्या तूळ राशीतील तारे ग्रीक लोक प्रायः वृश्चिकाच्या नांग्या समजत. रोमनांनी तेथे तराजूची आकृती रूढ केली आणि न्यायाच्या कुमारिकेशेजारी तराजू आला.

नेमेसिस

नेमेसिस ही हेसिओडच्या मते रात्रीची (निक्स) कन्या. याच कवीने कलियुगासारख्या लोहयुगाच्या अंताचे वर्णन करताना शुभ्र वस्त्रांत स्वतःला लपेटून आयडोस (लज्जा) आणि नेमेसिस या दोघी पृथ्वी सोडून जातील असे म्हटले आहे. येथे नेमेसिस म्हणजे दुसऱ्याचे निंद्य वर्तन पाहून मनात उठणारा संताप. स्वतःची लाज आणि समाजाचा संताप ही दोन्ही गेली की माणसाला रोखणारे काही उरत नाही, असा त्याचा आशय आहे.

ॲटिका प्रांतातील रॅम्नूस येथे तिचे प्रमुख स्थान होते. इ.स.पू. पाचव्या शतकात तेथे संगमरवरी मंदिर उभारण्यात आले. फिडिअसचा शिष्य ॲगोराक्रिटस याने तेथील मूर्ती घडवली, असे आज मानले जाते. पॉसेनियसने मात्र ती खुद्द फिडिअसची समजली होती. मूर्तीच्या पाषाणाबद्दल त्याने सांगितलेली कथा नेमेसिसचे स्वरूप एका दमात स्पष्ट करते. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला उतरलेल्या पर्शियन सैन्याला अथेन्स सहज पडेल अशी खात्री होती. म्हणून त्यांनी विजयस्तंभासाठी पॅरोस बेटावरील संगमरवराचा ठोकळा आधीच सोबत आणला. युद्धात ते हरले, आणि त्याच ठोकळ्यातून ग्रीकांनी नेमेसिसची मूर्ती घडवली. रॅम्नूस मॅरेथॉनपासून जवळच आहे. या मूर्तीच्या हाती सफरचंदाची फांदी आणि एक पात्र होते. तिच्या मस्तकाचा तुकडा सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. याच परिसरातील लहान मंदिरात नेमेसिस आणि थेमिस यांना अर्पण केलेली दोन संगमरवरी आसने आढळली. म्हणजे मर्यादा आणि मर्यादाभंगाचे फळ यांची पूजा तेथे शेजारीशेजारी होत असावी.

नेमेसिस ज्या दोषावर घाला घालते त्याला ग्रीक भाषेत 'हिब्रिस' म्हणतात. त्याचे भाषांतर 'गर्व' असे केले जाते, पण ते अपुरे आहे. हिब्रिसमध्ये दुसऱ्याचा अवमान करून त्यात सुख मानणे अंतर्भूत आहे, आणि अथेन्सच्या कायद्यात तो खटला भरण्याजोगा गुन्हा होता. लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस याने स्वतःला जगातील सर्वांत सुखी समजले, म्हणून देवाकडून त्याच्यावर मोठी नेमेसिस कोसळली आणि त्याचा मुलगा शिकारीत मारला गेला, असे हिरोडोटस लिहितो.

हिरोडोटसनेच सांगितलेली पॉलिक्रॅटिसची कथा भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल. सामोस बेटाचा हा सत्ताधीश सतत यशस्वी होत होता. इतके निर्भेळ यश देवांना खपत नाही, तेव्हा सर्वांत प्रिय वस्तू स्वतःहून टाकून दे, असा सल्ला त्याला मिळाला. त्याने आपली मुद्रिका समुद्रात फेकली. काही दिवसांनी एका कोळ्याने भेट दिलेल्या माशाच्या पोटातून ती परत आली. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'त माशाच्या पोटात सापडलेली अंगठी स्मृती आणि पुनर्मीलन घेऊन येते. पॉलिक्रॅटिसच्या बाबतीत तीच घटना विनाशाची खूण ठरते आणि तो पुढे पर्शियन अधिकाऱ्याच्या हातून हालहाल होऊन मरतो. येथे नेमेसिसचे नाव घेतलेले नाही, हिरोडोटस देवांच्या मत्सराविषयी बोलतो. पण कथेचा गाभा तिचाच आहे.

'सिप्रिआ' या आज लुप्त झालेल्या महाकाव्यात नेमेसिस ही हेलेनची आई होती. झ्यूस पाठीस लागल्यावर ती लाजेने आणि संतापाने रूपे पालटत पळाली; तिच्या अंड्यातून हेलेन जन्मली आणि लीडाने तिला वाढवले. ट्रॉयच्या युद्धाचे निमित्त झालेली स्त्री सूडदेवतेच्या पोटी जन्मली, ही कल्पना लीडाच्या अधिक प्रसिद्ध कथेपेक्षा अर्थदृष्ट्या सखोल आहे.

कालांतराने नेमेसिसच्या हाती गज, लगाम आणि चाक आले. पायाशी ग्रिफिन हा काल्पनिक प्राणी आणि पाठीवर पंख आले. स्मर्ना (आताचे तुर्कस्तानातील इझमीर) येथे एक नव्हे तर दोन नेमेसिस पूजल्या जात. तिचेच दुसरे नाव 'ॲड्रास्टिया', म्हणजे जिच्यापासून सुटका नाही ती. काही धाडसी विधान करण्यापूर्वी ग्रीक माणूस 'ॲड्रास्टियाला वंदन' असे म्हणे. मुलाचे कौतुक केल्यावर दृष्ट लागू नये म्हणून मराठी घरांत जे बोलले वा केले जाते, त्यामागील भीतीही याच जातीची आहे. रोमन काळात अँफिथिएटरांजवळ तिची देवळे असत आणि ग्लॅडिएटर तिची उपासना करत.

एरिनीएस

एरिनीएस (रोमन परंपरेत फ्युरीए) या ग्रीक धर्मातील अतिप्राचीन शक्ती आहेत. क्रीट बेटावरील क्नोसोस येथे सापडलेल्या लिनिअर बी लिपीतील एका मृत्तिकापट्टिकेवर अर्पणांच्या यादीत 'एरिनू' असे नाव आढळते. म्हणजे होमरच्या कितीतरी शतके आधी या देवतेला तेल वाहिले जात होते.

त्यांच्या जन्माबद्दल एकवाक्यता नाही. क्रोनोसने आपल्या पित्याचे, उरानोसचे, लिंग छाटले तेव्हा पृथ्वीवर पडलेल्या रक्तथेंबांतून त्या जन्मल्या, असे हेसिओड म्हणतो. मुलाने बापावर केलेल्या पहिल्या अत्याचारातून त्यांचा उगम झाला, हे त्यांच्या पुढील कामाशी सुसंगत आहे. ईस्किलस त्यांना रात्रीच्या कन्या म्हणतो. अलेक्टो, मेगायरा आणि टिसिफोनी ही तीन नावे आणि त्रिसंख्या उत्तरकालीन आहे. ईस्किलसच्या नाटकात त्यांचा संपूर्ण वृंद आहे.

आईबापांचा शाप, खोटी शपथ, पाहुण्याचा किंवा शरणागताचा विश्वासघात आणि सर्वांत भयंकर म्हणजे रक्ताच्या नात्यातील हत्या, ही त्यांची क्षेत्रे. 'इलियड'मध्ये अल्थीआ आपल्या भावाला मारणाऱ्या पोटच्या मुलाला, मेलीॲगरला, जमिनीवर हात आपटून शाप देते आणि अंधारात फिरणारी एरिनिस तो ऐकते. 'ओडिसी'मध्ये भिकाऱ्याच्या वेषातील ओडिसियस भिकाऱ्यांच्याही एरिनीएस असाव्यात असे म्हणतो. 'इलियड'मध्येच अकिलिसचा घोडा माणसाच्या वाणीने बोलू लागतो, तेव्हा एरिनीएस त्याची वाचा बंद करतात. सूडाशी काहीही संबंध नसलेला हा प्रसंग महत्त्वाचा आहे. प्रत्येकाने आपापल्या मर्यादेत राहावे हे पाहणे, हे त्यांचे मूळ काम असल्याचे त्यावरून दिसते.

त्यांचे खरे नाव उच्चारणे अशुभ समजले जाई. म्हणून 'युमेनिडीस' (कृपाळू) किंवा 'सेम्नाय थेआय' (पूजनीय देवी) अशी नावे योजत. महाराष्ट्रातील वाचकाला याचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे लागत नाही. अंगाची आग करणाऱ्या रोगाच्या देवीला 'शीतळा' म्हणणे, त्या रोगालाच आदराने 'देवी' म्हणणे, रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणणे, हा तोच भाषिक रिवाज आहे.

'ओरेस्टिया' आणि अरिओपॅगसचा खटला

सूडाकडून न्यायाकडे झालेल्या प्रवासाचे सर्वांत प्रभावी चित्रण ईस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीत आहे. 'ॲगामेम्नॉन', 'कोएफोरी' आणि 'युमेनिडीस' ही तीन नाटके इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत सादर झाली आणि त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

ट्रॉयकडे निघालेल्या जहाजांना अनुकूल वारा मिळावा म्हणून राजा ॲगामेम्नॉन आपली मुलगी इफिजिनिया हिचा बळी देतो. दहा वर्षांनी तो विजयी होऊन परततो तेव्हा पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा त्याला न्हाणीघरात जाळ्यात अडकवून ठार करते. पित्याच्या हत्येचा बदला घेणे हे मुलाचे कर्तव्य. अपोलोची आज्ञाही तशीच. म्हणून ओरेस्टिस आईला मारतो आणि मातृहत्येच्या अपराधाबद्दल एरिनीएस त्याच्या मागे लागतात. या साखळीत प्रत्येक हत्येला समर्थन आहे, आणि हेच तिचे भीषणपण आहे. सूडाचा नियम पाळला तर ती कोठे थांबावी याला उत्तर नाही.

तिसऱ्या नाटकात डेल्फीच्या मंदिरात झोपी गेलेल्या एरिनीएसना क्लायटेम्नेस्ट्राचे भूत जागे करते. ओरेस्टिस अथेन्सला जाऊन अथेनाच्या मूर्तीला बिलगतो. हा खटला एकट्या देवतेनेही निकालात काढण्याजोगा नाही, असे सांगून अथेना नगरातील नागरिकांचे न्यायमंडळ अरिओपॅगस टेकडीवर बसवते. एरिनीएस फिर्यादी, अपोलो बचावाचा साक्षीदार आणि वकील.

अपोलोचा युक्तिवाद आजच्या वाचकाला खटकतो. आई ही मुलाची खरी जनक नसून पित्याने पेरलेले बीज सांभाळणारी केवळ पालनकर्ती आहे, असे तो म्हणतो आणि आईविना जन्मलेल्या अथेनाचाच दाखला देतो. भारतीय धर्मशास्त्रातही बीज श्रेष्ठ की क्षेत्र, ही चर्चा आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ती विस्ताराने येते. न्यायालयाच्या स्थापनेची ही थोर कथा स्त्रीचा अपत्यावरील हक्क नाकारणाऱ्या युक्तिवादावर उभी आहे, याकडे विसाव्या शतकातील स्त्रीवादी समीक्षकांनी लक्ष वेधले. मात्र नाटककाराला तो युक्तिवाद निर्णायक वाटत होता असेही म्हणता येत नाही, कारण मते समसमान पडतात. अथेना ओरेस्टिसच्या बाजूने मत देते आणि समान मते म्हणजे निर्दोष मुक्तता, असा नियम घालून देते. अर्ध्या नागरिकांना एरिनीएसचे म्हणणे पटले होते.

खटला संपतो, नाटक मात्र संपत नाही. अपमानित एरिनीएस ॲटिकाची जमीन नापीक करण्याची धमकी देतात. झ्यूसचे वज्र ठेवलेल्या दालनाची किल्ली आपल्याला ठाऊक आहे, असे अथेना एकदाच सुचवते, पण काम करते ते मन वळवण्याचे. ती त्यांना हाकलत नाही. नगरातून भय पूर्णपणे हद्दपार करू नये, कारण कशाचेच भय नसलेला माणूस न्यायाने वागणार नाही, असे ती नागरिकांना बजावते. त्या देवतांना टेकडीच्या पोटात निवासस्थान, विवाह व अपत्यजन्माच्या वेळी अर्पणे आणि नगराच्या समृद्धीवर अधिकार देण्यात येतो. तांबड्या वस्त्रांत, मशालींच्या उजेडात त्यांची मिरवणूक निघते.

या नाटकाला तत्कालीन राजकारणाची पार्श्वभूमी आहे. इ.स.पू. ४६२-४६१ मध्ये एफिआल्टिसच्या सुधारणांनी अरिओपॅगस या उमरावांच्या मंडळाचे राजकीय अधिकार काढून घेतले आणि मुख्यतः हत्येचे खटले चालवण्याचे काम त्याच्याकडे ठेवले. त्यानंतर लवकरच एफिआल्टिसचा खून झाला. प्रेक्षकांना सूडसत्राची धास्ती पुराणातून शिकण्याची गरज नव्हती.

प्रत्यक्ष अथेन्समध्ये 'पूजनीय देवीं'चे देवस्थान अरिओपॅगसजवळ होते. या न्यायालयात सुटलेले आरोपी तेथे अर्पण करत, असे पॉसेनियस नोंदवतो. आरोपी आणि फिर्यादी ज्या दोन अनघड शिळांवर उभे राहत त्यांना 'हिब्रिस' (उद्दामपणा) आणि 'अनायडिया' (बेमुर्वतपणा) अशी नावे होती. मात्र सूडाचा धागा कायद्यातून पूर्ण तुटला नव्हता. ड्रेकोच्या हत्येसंबंधीच्या कायद्यानुसार (इ.स.पू. सुमारे ६२१) खटला भरण्याची जबाबदारी मृताच्या नातलगांवरच होती, सरकारी वकील ही संस्था अथेन्सला माहीत नव्हती.

अन्य देवता

पोइनी ही रक्तपाताच्या भरपाईची मूर्तिमंत देवता; 'दंड' या अर्थाचे अनेक युरोपीय शब्द तिच्या नावाशी जोडलेले आहेत. बिओशिआमधील हॅलिआर्टस येथे प्रॅक्सिडिकाय या देवतांसमोर उघड्यावर शपथ घेतली जाई. आटी ही बुद्धिभ्रंशाची देवता माणसाला अपराधाकडे नेते. सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'त पाताळातील देवांसोबत राहणाऱ्या डिकेचा उल्लेख येतो. राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देणारी नायिका तिचाच आधार घेते.

रोमन युस्तितिया आणि डोळ्यांवरील पट्टी

ऑगस्टस या रोमन सम्राटाने इ.स. १३ मध्ये युस्तितियाच्या देवस्थानाची प्रतिष्ठापना केली. रोमन नाण्यांवरील ही देवता उघड्या डोळ्यांची आहे. पट्टीचा एक सर्वांत जुना आणि प्रसिद्ध दाखला १४९४ मध्ये बाझल येथे छापलेल्या सेबास्टियन ब्रांटच्या 'मूर्खांचे जहाज' या ग्रंथातील काष्ठचित्रात आहे. तेथे एक विदूषक न्यायदेवतेच्या डोळ्यांवर मागून फडके बांधतो आहे. म्हणजे ही मुळात टवाळी होती, क्षुल्लक दावे करणाऱ्यांनी न्यायाला आंधळे केले अशी. सोळाव्या शतकात तिचाच अर्थ उलटून पट्टी निःपक्षपातीपणाची खूण बनली. बर्न येथील १५४३ च्या कारंज्यावरील न्यायदेवता पट्टी बांधलेली आहे. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयावरील मूर्तीला मात्र पट्टी नाही. मराठीत 'न्यायदेवता आंधळी असते' हे वाक्य कौतुकाने आणि उद्वेगाने, अशा दोन्ही प्रकारे वापरले जाते. या चिन्हाच्या इतिहासातही ही दोन्ही टोके आहेत.

महाराष्ट्र आणि भारत

मुंबई उच्च न्यायालयाची गॉथिक शैलीतील इमारत कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७१ ते १८७८ या काळात बांधली गेली. तिच्या माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. आत मात्र एका खांबावर एका डोळ्याला पट्टी बांधून हाती तराजू धरलेले माकड कोरलेले आहे. दावा हरलेल्या एका पारशी कंत्राटदाराने काढलेला हा सूड, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ब्रांटच्या पुस्तकातील विदूषक आणि हे माकड सख्खे भाऊ शोभतात.

सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांच्या ग्रंथालयात बसवलेल्या नव्या मूर्तीची बातमी ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वत्र प्रसिद्ध झाली. तेव्हा धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश होते. साडी नेसलेल्या या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाही. उजव्या हातात तराजू आणि डाव्या हातात तलवारीऐवजी संविधान आहे. वकिलांच्या संघटनेने हा बदल आपल्याशी चर्चा न करता केल्याबद्दल आक्षेप नोंदवला. मूर्तीच्या हातून तलवार जाणे म्हणजे सूडाचे अखेरचे चिन्ह जाणे, असा अर्थ त्यात वाचता येतो. दंड देण्याची शक्ती मात्र न्यायालयाजवळ आहेच.

ग्रीक जगाशी या प्रदेशाचा संबंध याहून फार जुना आहे. इ.स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक भाषेतील नौकानयनग्रंथात ठाणे जिल्ह्यातील कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. थोरल्या सारागानसच्या काळात ती नियमबद्ध बाजारपेठ होती, परंतु संदानेसच्या ताब्यात गेल्यापासून तेथे अडथळे आले आणि चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे लेखक सांगतो. 'नियमबद्ध' यासाठी त्याने योजलेला 'एन्थेस्मॉन' हा शब्द थेमिसच्याच धातूपासून आलेला आहे. उल्हास नदीच्या खाडीवरील या बंदरात कायद्याने मिळणारे संरक्षण संपल्याची ही व्यापाऱ्याची तक्रार म्हणता येईल. कार्ले येथील लेण्यांत 'यवन' दात्यांचे लेख आहेत. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात पोसायडनची कांस्यमूर्तीही मिळाली.

मराठी परंपरेतील समांतर कल्पना

नेमेसिसशी सर्वाधिक साम्य असलेले मराठी दैवत पुरुष आहे: शनी. 'शनिमाहात्म्या'त पंडित नवग्रहांचे वर्णन करत असता राजा विक्रम शनीची चेष्टा करतो. त्यानंतर साडेसाती येते. चित्रातील हंस मोत्यांचा हार गिळतो, चोरीचा आळ राजावर येतो, त्याचे हातपाय तोडले जातात आणि तो तेल्याच्या घाण्यावर बसतो. वैभव, उपहास, अधःपात हा क्रम थेट ग्रीक आहे. फरक शेवटात आहे. क्रीससला मुलगा परत मिळत नाही. विक्रमाला मात्र साडेसात वर्षांनंतर हातपाय आणि राज्य परत मिळते, शिवाय इतरांना असे छळू नये म्हणून तो शनीकडे रदबदली करतो. चोरी करणाऱ्याला शनी पाहून घेईल या श्रद्धेने शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची प्रथा पडली.

मोइराईंचे काम महाराष्ट्रात सटवाई करते. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री ती त्याच्या कपाळी ललाटलेख लिहिते. दक्षिण कोकणात गावदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून, मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्या किंवा तांदूळ उजवीकडून पडतो की डावीकडून, यावरून 'कौल' घेतला जातो. मराठेशाहीत साक्षीपुराव्याने निवाडा होत नसे तेव्हा उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्यासारखी 'दिव्ये' करविली जात आणि त्यांचा निकाल गोतसभेच्या महजरात नोंदवला जाई.